ड्रेनेज तुंबलं किंवा जमिनीखालची पाण्याची लाइन लीक झाली तर खोदायच्या आधी काय बघायचं आणि मग काय करायचं

हे सगळं बैठं घर, बंगला, रो हाउस किंवा गावठाणातलं जुनं घर असणाऱ्यांसाठी लिहितोय, म्हणजे ज्यांच्या अंगणात नाहीतर बोळात स्वतःची चेंबरं आहेत आणि पाण्याची लाइन रस्त्यावरून जमिनीखालून आत येते. फ्लॅटवाल्यांचं डक्टमधल्या पाइपांचं गणित वेगळं असतं, ते इथे घेत नाही.

बहुतेक घरात काय होतं, न्हाणीतलं पाणी उतरेनासं होतं किंवा पार्किंगच्या फरशीवर ओल दिसते आणि लगेच ब्रेकर मागवला जातो. दोन दिवस तोडफोड, अर्धी फरशी गेली, आणि मग कळतं की तुंबलेलं होतं ते पलीकडच्या चेंबरात. त्यामुळे माझं पहिलं म्हणणं हे की खोदण्याला एक दिवस उशीर झाला तरी चालेल पण आधी शोधा. आणि दुसरं म्हणणं, जे लोक अजिबात मनावर घेत नाहीत, की ड्रेनेज आणि पिण्याचं पाणी ही दोन वेगळी कामं नाहीत. दोन्ही पाइप आपल्याकडे त्याच बोळातून, बऱ्याचदा एकाच चरातून नेलेले असतात. एक लीक असेल तर दुसरा तपासल्याशिवाय माती लोटू नका. का ते खाली येईलच.

आधी आपल्या घराचा रस्ता समजून घ्या. न्हाणीत जाळीखाली न्हाणी ट्रॅप असतो, म्हणजे थोडं पाणी अडवून धरून वास वर येऊ न देणारा वाकडा भाग, तिथलं पाणी, किचन सिंकचं पाणी, वॉशिंग मशिनचं पाणी हे सगळं बाहेर भिंतीलगत गली ट्रॅपमध्ये येतं, तोच तो छोटा चौकोनी खड्डा ज्याच्यावर जाळी किंवा झाकण असतं. तिथून ते पहिल्या चेंबरात. संडासाचा पाइप मात्र गली ट्रॅपमध्ये न जाता थेट चेंबरात येतो. मग चेंबरातून चेंबरात करत शेवटच्या चेंबरापर्यंत आणि तिथून महापालिकेच्या लाइनला, किंवा जिथे लाइन नाही तिथे सेप्टिक टँक आणि पुढे शोषखड्डा. एका कागदावर हे काढून ठेवा, कच्चं काढलं तरी चालेल. जुन्या घरात एखादं चेंबर नंतर बसवलेल्या पेव्हरखाली किंवा फरशीखाली दडलेलं असतं, ते शोधायचं तर बाकीच्या चेंबरांची सरळ रेघ धरून चाला आणि हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, पोकळ आवाज आला की समजायचं. पाइप जिथे वळतो तिथे चेंबर असणारच, निदान असायला हवं.

आता तुंबलंय कुठे ते बघू. झाकणं पहारीने उचला, हातमोजे घाला, उचलल्यावर वीस-पंचवीस मिनिटं तशीच उघडी ठेवा आणि तोवर तोंड आत घालून बघू नका, बिडी सिगारेट लायटर काहीही जवळ नको कारण आत मिथेन साठलेला असू शकतो. लहान मुलं आणि कुत्री लांब. सुरुवात शेवटच्या चेंबरापासून करायची, म्हणजे रस्त्याजवळच्या. ते भरलेलं असेल तर बिघाड तुमच्या घरात नाहीच बहुतेक, तो पुढे महापालिकेच्या लाइनमध्ये आहे किंवा तुमचं जोडणीचं तोंड बुजलंय, शेजारच्याकडे विचारा, त्याचंही भरलं असेल तर सरळ वॉर्ड ऑफिसला किंवा ॲपवर तक्रार टाका आणि पैसे वाचवा. शेवटचं रिकामं असेल तर एक एक करत घराकडे या. ज्या दोन चेंबरांपैकी वरचं भरलेलं आणि खालचं रिकामं, त्या दोघांच्या मधे तुंबलंय. एवढंच. सगळी चेंबरं रिकामी आणि तरी न्हाणीचं पाणी उतरत नाही, तर बिघाड न्हाणी ट्रॅप ते गली ट्रॅप ह्या छोट्या तुकड्यात आहे, अंगण खोदायचा प्रश्नच नाही.

कुठला पाइप कुठे जातो ते कळत नसेल तर नीळ वापरा, कपड्याची साधी नीळ. बादलीभर पाण्यात कालवून सिंकमध्ये ओता आणि चेंबरवर दुसऱ्या माणसाला उभं करा, मग न्हाणीत, मग संडासात, मधे जरा वेळ जाऊ द्या. कुठलं पाणी किती वेळात येतं, कमी येतं की पूर्ण येतं ते दिसतं. ओतलेलं पाणी निम्मंच आलं तर पाइप मधेच फुटलाय आणि पाणी जमिनीत जातंय. हीच नीळ फ्लशच्या टाकीत पण टाकून बघा, फ्लश न करता भांड्यात निळं पाणी आलं तर टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय.

काढायचं कसं.

गली ट्रॅपपासून सुरू करा कारण निम्मी दुखणी तिथेच असतात. खरकटं, चहाची पावडर, भांडी घासायचा काथ्या, राख, तेलाचा पांढरा थर, केसांचे पुंजके. नुकतंच फरशीचं काम काढलेल्या घरात तर व्हाइट सिमेंट आणि ग्राउट, कारण कामगार घमेलं न्हाणीतच धुतात आणि ते आत जाऊन दगड होतं. हे हाताने म्हणजे लांब रबरी मोज्याने किंवा डब्याने उपसायचं, पुढे ढकलायचं नाही. पुढे ढकललेलं सगळं पुढच्या चेंबरच्या आधी जाऊन बसतं आणि मग काम दुप्पट होतं.

चेंबर ते चेंबर लाइनसाठी जुने लोक बांबूच्या लांब चिरलेल्या काठ्या वापरतात आणि अजूनही त्या चांगल्या चालतात, सरळ लाइन असेल तर. नाहीतर हार्डवेअरमध्ये स्क्रूने जोडायचे ड्रेन रॉड मिळतात, किंवा प्लंबरकडची स्प्रिंग. रॉड वापरताना एकच नियम पक्का लक्षात ठेवा, फिरवायचा तो कायम उजवीकडे म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आत घालतानाही आणि बाहेर ओढतानाही, उलटा फिरवला की आटे सुटतात आणि अर्धा रॉड आतच राहतो, मग तो काढायला खरंच खोदावं लागतं.

रॉड कुठून घालायचा ह्यावर दोन मतं आहेत. भरलेल्या चेंबरातून घालणं सोपं वाटतं पण पाण्यात पाइपाचं तोंड दिसत नाही आणि घाण अंगावर. मी म्हणतो रिकाम्या चेंबरातून वरच्या बाजूला घाला, तोंड दिसतं, किती आत गेला ते मोजता येतं. फक्त दोन गोष्टी, एक म्हणजे चेंबरच्या वर बाजूला उभं राहून काम करायचं कारण सुटलं की साठलेलं सगळं जोरात येतं, आणि दुसरं म्हणजे रिकाम्या चेंबराच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला आधीच एखादी जाळी किंवा पंज्यासारखा दाताळा लावून ठेवायचा म्हणजे सुटलेला कचरा तिथे अडेल आणि तुम्ही तो उचलून बाहेर काढाल. रॉडवर खडूने खूण करा जिथे अडकतो तिथे, ती लांबी जमिनीवर मोजा, आणि तिथे फरशीवर पेन्सिलने फुली मारा. पुढे खोदायची वेळ आलीच तर ती फुली सोन्यासारखी.

सुटल्यावर बादल्या दोन-तीन ओतून थांबू नका, नळीने दहा मिनिटं तरी पाणी सोडा, नाहीतर भिंतीला चिकटलेला थर तसाच राहतो. थर फार जुना असेल तर जेटिंग मशिनवाला बोलवा, तो जोरदार पाण्याने धुतो. पण पाइप जुना चिनी मातीचा असेल तर त्याला आधी सांगा, तडा गेलेल्या पाइपात पूर्ण प्रेशर मारला तर आहे तो पण तुकडा पडतो.

गरम पाणी ओता असं सगळे सांगतात. अंघोळीचं कढत पाणी चालेल, पण उकळतं पाणी पीव्हीसीच्या पाइपात नको, पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो आणि जॉइंटला वाकतो. ॲसिडबद्दल माझं मत कडक आहे, घरात नकोच. संडास धुवायचं ॲसिड सिमेंटचं चेंबर आणि सिमेंटचे जॉइंट खातं, सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं आणि तुंबलेल्या केसांना, तेलाला फारसं काही करत नाही. कॉस्टिकच्या पुड्या सिंकच्या थोड्याशा तेलाला ठीक आहेत, पण पूर्ण तुंबलेल्या पाइपात टाकाल तर ते कॉस्टिकचं पाणी तिथेच उभं राहतं आणि नंतर जो हात घालेल त्याचा हात भाजतो, म्हणून टाकलं असेल तर प्लंबरला आधी सांगा. आणि ॲसिडवर ब्लीचिंग कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीत जीव जाऊ शकतो. ॲसिडवर कॉस्टिक पण नाही, ते उकळून तोंडावर उडतं.

सेप्टिक टँकबद्दल थोडं थांबून वाचा.

टाकीत किंवा माणूस उतरेल एवढ्या खोल चेंबरात कुणीही उतरायचं नाही. तुम्ही नाही, घरचा मुलगा नाही, पैसे घेऊन तयार झालेला माणूस पण नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकाला वासच येईनासा होतो, म्हणजे वास गेला म्हणून सुरक्षित वाटतं तेव्हाच सगळ्यात जास्त धोका. एक खाली पडला म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दोघेही जातात, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. वरून मेणबत्ती सोडून बघणं वगैरे प्रकार पण नकोत, मिथेन पेट घेतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मृत्यू झाल्यास भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या घराच्या घाणीसाठी कुणाच्या घरचा कर्ता माणूस जाता कामा नये, एवढं आपल्याला कळायला हवं. मैला उपसायची व्हॅक्युमची गाडी नगरपालिकेकडे मिळते, खासगी पण मिळते, पाइप वरून सोडून काम होतं. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्या, भरून वाहायची वाट बघू नका, कारण टाकीतला गाळ एकदा शोषखड्ड्यात गेला की शोषखड्डा बुजतो आणि तो परत चालू करणं फार कठीण.

आता खोदायचंच ठरलं तर.

खोदायची वेळ कधी येते? रॉड घालून, जेटिंग करून लाइन सुटते पण महिना-दोन महिन्यांत परत त्याच जागी अडकते, म्हणजे पाइप तिथे फुटलाय, खचलाय किंवा मुळं शिरलीत. जुन्या घरात चिनी मातीचे दोन-दोन फुटांचे पाइप सिमेंटने जोडलेले असतात, त्या प्रत्येक जॉइंटमधून पिंपळ, वड, उंबर ह्यांची मुळं आत येतात, केसासारखी बारीक येतात आणि आत झुडूप होतं. मुळं कापून उपयोग नाही, पाणी आणि खत दोन्ही मिळतंय म्हटल्यावर ती परत येणारच, तो तुकडा काढून रबर रिंगचा पीव्हीसी पाइप टाकणं हाच इलाज. दुसरं कारण काळी माती. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ इकडे काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, पाइप नुसता मातीत ठेवला असेल तर दर वर्षी वर-खाली होऊन जॉइंट सुटतो. तिथे पाइपाखाली निदान चार इंच वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम हवाच हवा. कोकणात जांभ्यात चर खणला असेल तर उलट अडचण, तळाला टोकं असतात, त्यावर पाइप टेकला की तिथेच फुटतो, म्हणून तिथे पण वाळूची गादी.

खोदताना कमरेपर्यंत ठीक आहे. पाच फुटांच्या खाली जाणार असाल तर बाजूला फळ्या आणि टेकू लावल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही, ओली काळी माती न सांगता बसते. काढलेली माती चराच्या काठाला रचू नका, दोन-तीन फूट लांब टाका. आणि खोदायच्या आधी लाइटची केबल आणि शहरात असाल तर गॅसची पिवळी पाइप कुठून आलीय ते बघा, मीटरपासून सरळ रेघ धरली की अंदाज येतो, तिथे पहार आणि ब्रेकर बंद, हाताने खुरप्यानेच.

पाइप घेताना दुकानदार जो देईल तो घेऊ नका. शेतीचा पातळ पाइप ड्रेनेजला नको. भिंतीवरचा एसडब्ल्यूआर म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा पाइप आयएस म्हणजे भारतीय मानक १३५९२ चा असतो, त्यात टाइप ए पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला म्हणजे वायू वर सोडायच्या पाइपाला, टाइप बी मैल्याच्या आणि सांडपाण्याच्या पाण्याला. जमिनीखाली पुरायला आयएस १५३२८ चा वेगळा पाइप येतो, तो मातीचा आणि गाडीचा भार घेतो, पार्किंगमधून लाइन जात असेल तर तोच मागा. नंबर पाइपावर छापलेला असतो, दुकानातच वाचा.

उतार हा सगळ्या कामाचा प्राण. चार इंची पाइपाला चाळीसला एक, म्हणजे दहा फुटाला तीन इंच. सहा इंचीला साठला एक, दहा फुटाला दोन इंच. गवंडी डोळ्याने बघून बरोबर आहे म्हणतो, ऐकू नका, पाण्याची लेव्हल ट्यूब लावायला सांगा, ती प्रत्येक गवंड्याकडे असतेच. मधे कुठे पाइप पोट काढून बसला तर तिथे कायम पाणी आणि गाळ. वळणावर एकदम काटकोनी बेंड नको, पंचेचाळीसचे दोन टाका, जोड घ्यायचा तिथे टी ऐवजी वाय, आणि जिथे चेंबर शक्य नाही तिथे डोअर बेंड म्हणजे पुढे उघडून साफ करता येतं. पाइप हॅक्सॉने सरळ कापा, कापलेली कड कानशीने घासून तिरपी करा नाहीतर ती रबर रिंग फाडते, साबणाचं पाणी लावून आत सारा, पूर्ण तळाला नेऊन मग साधारण एक सेंटीमीटर मागे ओढा, उन्हा-थंडीत पाइप लांबतो-आखडतो त्याला जागा लागते. पाइपाचं रुंद तोंड म्हणजे सॉकेट वरच्या बाजूला, घराकडे.

चेंबरचा तळ सपाट ठेवू नका, ही चूक जवळजवळ सगळीकडे दिसते. अर्ध्या पाइपासारखी नाली करून दोन्ही बाजूला सिमेंटचा उतार द्यायचा म्हणजे मैला साठत नाही. आतून घोटून प्लास्टर. गळतं चेंबर हे फुटक्या पाइपाइतकंच वाईट.

माती टाकायच्या आधी टेस्ट घ्या, हे काम टाळूच नका. खालच्या तोंडाला गोणपाटात माती भरून पक्का बोळा किंवा रबरी प्लग लावा, वरचं चेंबर पाण्याने भरा, पातळीवर खिळ्याने खूण करा आणि अर्धा तास थांबा. खाली गेली तर चरात ओल कुठे येते ते दिसेलच. सगळं कोरडं असेल तरच पुढे.

आता पाण्याची लाइन, आणि मी सुरुवातीला जे म्हटलं ते.

आपल्याकडे बहुतेक गावा-शहरांत पाणी तासभर, दोन तास येतं, काही ठिकाणी दिवसाआड. पाणी चालू असताना पाइपात प्रेशर असतो म्हणून फट असेल तर पाणी बाहेर येतं. पण पाणी गेलं की पाइप रिकामा होतो, आत ओढ तयार होते आणि त्याच फटीतून बाहेरची ओली माती, आणि शेजारी ड्रेनेज गळत असेल तर ते पाणी आत येतं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की पहिला लोट तो घेऊन थेट तुमच्या टाकीत. लाइनला डायरेक्ट टिल्लू पंप लावणाऱ्यांनी तर हे नीट समजून घ्या, पंप ती ओढ अजून वाढवतो, स्वतःच्याही घरात आणि शेजाऱ्याच्याही, म्हणून त्याला बंदी असते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम ह्या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट निघाले, काहींच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पाण्याकडे बोट गेलं, तेव्हा कुठे लोक आपली टाकी आणि लाइन उघडून बघायला लागले. थोडीशी ओल आहे, राहू दे, असं पाण्याच्या लाइनबाबत म्हणायचंच नाही.

ओळखायचं कसं? पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं काचेच्या ग्लासात धरून बघा. सुरुवातीला गढूळ किंवा वासाचं आणि नंतर स्वच्छ होत असेल तर जवळच कुठेतरी लाइन फुटलीय. मीटर असेल तर मीटरनंतरचे सगळे कॉक, टाकीचा बॉल कॉक सगळं बंद करा आणि मीटर बघा, फिरत असेल तर मीटर आणि टाकी यांच्यामधे गळती. पण पाणी येताना आधी लाइनमधली हवा येते आणि ती पण मीटर फिरवते, म्हणून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. जमिनीतली टाकी गळते का बघायला रात्री इनलेट बंद, पंप बंद, पातळीला खूण, सकाळी बघा. आणि रात्री सगळे झोपल्यावर, घरात एकही नळ चालू नसताना, चेंबर उघडून टॉर्च मारा. बारीक स्वच्छ पाण्याची धार चालूच असेल आणि फ्लशची टाकी गळत नसेल, तर पाण्याच्या लाइनचं पाणी ड्रेनेजमध्ये झिरपतंय, म्हणजे दोन्ही पाइप फुटलेत आणि ते एकमेकांना भेटलेत. असं दिसलं तर त्या दिवसापासून पाणी उकळून प्या, काम नंतर.

जागा नक्की करायला रात्रीच्या शांततेत लोखंडी सळईचं टोक पाइपावर किंवा जमिनीत रोवा आणि दुसरं टोक कानाच्या हाडाला लावा, गळतीच्या जवळ सूं असा आवाज येतो, पाणी चालू असताना करायचं हे. झिरपलेलं पाणी नळाचं आहे की गटाराचं असा वाद झाला तर क्लोरीन तपासायचं छोटं किट मिळतं, थेंब टाकल्यावर पिवळं झालं तर नळाचं. पिवळं नाही झालं म्हणून मात्र नळाचं नाहीच असं धरू नका, मातीतून येताना क्लोरीन उडून जातो.

दुरुस्तीत रबरी ट्यूब आणि तारेने बांधून चालवणं हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका प्रकार. तो पाणी बाहेर जायचं थांबवतो, आत यायचं नाही. प्लंबर येईपर्यंत एक दिवस ठीक, मातीत गाडून टाकायला नाही. एमसीलचंही तेच.

जुना जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप एका जागी गंजून फुटला असेल तर शेजारचा फूट-दोन फूट पण खरडून बघा, स्क्रू ड्रायव्हरने टोचलं आणि आत गेलं तर तुकडा बदलून उपयोग नाही, मीटरपासून टाकीपर्यंत पूर्ण लाइन बदला. तुकडाच बदलायचा तर आटे पाडून युनियन म्हणजे खोलता येणारा जोड टाका आणि पिण्याच्या लाइनवर सफेदा-सूत नको, टेफ्लॉन टेपच. पीव्हीसीला पीव्हीसीचं सॉल्व्हंट, सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचं, एकाचं दुसऱ्याला लावलं की जॉइंट सुटू शकतो. रस्त्यावरून येणारी निळी किंवा काळी लवचिक पाइप एमडीपीई, एचडीपीईची असते, तिला कुठलंच सॉल्व्हंट चिकटत नाही, तिला कॉम्प्रेशन फिटिंग लागते. दोन्हीकडून पक्क्या पुरलेल्या पाइपात कपलर बसत नाही कारण पाइप मागे ओढता येत नाही, तिथे युनियन किंवा सरकणारा रिपेअर कपलर घ्या, नाहीतर चर अजून दोन-तीन फूट लांब उघडा म्हणजे पाइप थोडा वाकवता येतो. सॉल्व्हंट लावताना पाइप कोरडा हवा, ओला असेल तर आत कपड्याचा बोळा घालून पाणी अडवायचं, आणि तो बोळा नंतर काढायचा, हे लिहावं लागतंय कारण तो आत विसरला जातो. लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा, लगेच पाणी सोडायचं नाही. मीटरच्या अलीकडचा, फेरूलपर्यंतचा म्हणजे रस्त्यावरच्या मुख्य लाइनला जिथे तुमची जोडणी घेतलीय तिथपर्यंतचा तुकडा महापालिकेच्या परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या, रस्ता खोदायला परवानगी लागते.

नवीन लाइन टाकताना पाण्याचा पाइप वर आणि ड्रेनेज खाली, आणि शक्य तेवढं अंतर. बोळ तीन फुटांचा असेल तर पुस्तकात सांगतात ते दहा फूट अंतर कुठून आणणार, पण एका भिंतीला हा आणि दुसऱ्या भिंतीला तो एवढं करता येतं. जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे पाण्याचा अखंड पाइप मधोमध यायला हवा, जॉइंट त्या जागेपासून लांब.

काम झालं की टाकी आणि लाइन निर्जंतुक करा. टाकी घासून धुवा, भरा, आणि हजार लिटरला साधारण दीडशे ग्रॅम टीसीएल पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीत मिळते ती ब्लीचिंग पावडर, ३३ टक्के क्लोरीनवाली ताजी. बादलीत आधी कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. प्रत्येक नळ सोडून क्लोरीनचा वास आला की बंद करा आणि रात्रभर तसंच ठेवा. हे पाणी प्यायचं नाही, भांड्याला नाही, सकाळी पूर्ण सोडून द्या, झाडांना आणि सेप्टिक टँकला नको. मग ताज्या पाण्याने परत भरा. त्यानंतर पाणी तपासायला एच टू एस ची बाटली मिळते, पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर पाणी अजून दूषित आहे, परत शोधा.

हे सगळं करायचं तर मे महिन्यात करा, मृग लागायच्या आधी. पावसात चरात पाणी भरतं आणि कुठली ओल पाइपाची, कुठली जमिनीची काही कळत नाही. त्याच वेळी गच्चीच्या पावसाचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरात सोडलेला असेल तर तो पण काढून वेगळा करा, पहिल्याच मोठ्या पावसात चेंबर उलटं भरतं ते ह्यामुळे.

शेवटी चर बुजवणं. पाण्याची लाइन असेल तर एकदा तरी पुरवठ्याच्या पूर्ण प्रेशरवर चर उघडा ठेवून बघा. मग पाइपाच्या वर अर्धा फूट वाळू, त्यावर दगड वेचलेली माती अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी, प्रत्येक थरावर थोडं पाणी मारून धुम्मस करून. आणि माती टाकायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर टेपने धरून, टेपवरचा आकडा दिसेल असा, प्रत्येक जॉइंटचा, आणि तो घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये पाठवून ठेवा.